बद्रुद्दीनांची विलायत आणि आमची दुबई

दुबईहून सुट्टीवर आलेला तरुण लासलगावात उतरला की मोहल्ल्यात चर्चा होते ती टीव्हीच्या आकाराची. तिकडे तो काय शिकला, हे कुणी विचारत नाही. आम्ही उर्दू शाळेतले मास्तर, आम्हीही विचारत नाही. इथला कांदा समुद्रापार जातो, तशी आमची पोरे जातात. फरक एवढाच, कांद्याची निदान प्रतवारी होते!

परदेशाचे नाव निघाले की आम्हाला दोन्हीकडून ऐकावे लागते. बाहेरचे म्हणतात, तुमची निष्ठा तिकडची. घरातले म्हणतात, तिकडच्या तालमीने ईमान बिघडते. दोघांनीही न्या. बद्रुद्दीन तय्यबजींचे चरित्र वाचलेले नाही.

१८६० साली हा मुंबईचा मुसलमान मुलगा शिकायला विलायतेला गेला. डोळ्यांच्या दुखण्याने मध्येच परतला, पुन्हा गेला आणि १८६७ साली बॅरिस्टर झाला. परत आल्यावर काय केले? १८७४ च्या अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत तो अग्रभागी होता. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. सर सय्यद अहमद खानांनी विरोध केला, तरी मागे हटला नाही. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांना आधी नाकारलेला जामीन उच्च न्यायालयात याच न्यायमूर्तींनी दिला. विलायतेत शिकलेला कायदा त्यांनी विलायतेच्याच सरकारला लावला. १९०६ साली त्यांचा इंतकाल झाला तोही लंडनमध्ये. त्यांची निष्ठा कुठली, हे आता ज्याचे त्याने तपासावे.

ते खानदानी श्रीमंत होते, हे कबूल. पण १९०३ साली मुंबईच्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेत अध्यक्षपदावरून पडद्याच्या अतिरेकावर बोलायला पैसा लागत नव्हता, हिंमत लागत होती. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दोन मुली इंग्लंडच्या शाळेत पाठवल्या.

आणि आम्ही? गेल्या वर्षी सातवीतल्या एका हुशार मुलीचा दाखला न्यायला तिचे वालिद आले. भाऊ दुबईत, म्हणजे पैशाची अडचण नव्हती. "आता बस झाले मास्तर," एवढेच ते म्हणाले. आम्ही बी.एड. झालेले, बद्रुद्दीनांवर वर्गात धडा घेणारे. मुकाट्याने दाखला लिहून दिला.

तिची धाकटी बहीण यंदा सातवीत आहे. जूनपर्यंत थांबायचे नाही, दिवाळीतच त्यांच्या घरी जायचे आम्ही ठरवले आहे. भाऊही तेव्हा सुट्टीवर येतो आहे.