डॉक्टर व्हायला किती खर्च येतो? आधी फाटकाबाहेरचा हिशेब मांडू

एरवी मी इथे शुगर, रक्तदाब, सिकलसेल, उन्हाळ्यातले जुलाब असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय आजाराचा नाही, पण तुमच्या तब्येतीशी त्याचा संबंध या सगळ्यांहून जवळचा आहे. उद्या चिंचपाड्यात, खांडबाऱ्यात, धडगावात तुम्हाला तपासायला कोण बसणार, हे आज मेडिकलच्या प्रवेशाच्या रांगेत ठरतं आहे. आणि ते ज्या पद्धतीने ठरतं आहे, ती पद्धत मला मान्य नाही.

ओपीडीत हा प्रश्न आता वरचेवर येतो. तपासून झालं, गोळ्या समजावून झाल्या, तरी माणूस उठत नाही. "डॉक्टरसाहेब, पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणते. किती पैसे लागतील?" लोकांना वाटतं मी एक आकडा सांगेन. तो सांगता येतो, पण त्याने फसगतच होते.

आधी नियम बघू, ते सोपे आहेत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण. मग नीट ही देशभराची एकच परीक्षा: १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. २०२५ मध्ये वेळ होता १८० मिनिटांचा, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. फॉर्मची फी खुल्या वर्गाला १७०० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १६००, अनुसूचित जाती-जमातींना १०००. त्यानंतर राज्याच्या सीईटी सेलकडे नोंदणी, कागदपत्रांची तपासणी आणि गुणवत्तेनुसार जागा.

कॉलेजची फी म्हणाल तर सरकारी कॉलेजात ती वर्षाला साधारण लाख-दीड लाखाच्या घरात असते. आदिवासी विद्यार्थ्याची शिकवणी आणि परीक्षा फी शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिपमधून शासन भरतं. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींनाही ही फी पूर्ण माफ झाली. कागदावर बघितलं तर नवापूर तालुक्यातल्या मजुराच्या मुलीला डॉक्टर व्हायला जवळजवळ काहीच लागत नाही.

मग ती होत का नाही?

कारण खरा खर्च कॉलेजच्या फाटकाच्या आत नाही, बाहेर आहे. नीटचा पेपर शाळेत शिकवलेल्यावर सुटत नाही, हे आता कुणी लपवतही नाही. लातूर, नांदेड, पुणे, नाही तर थेट कोटा. क्लासची फी लाखाच्या पुढे, वर खोलीभाडं, मेस, टेस्ट सिरीज. हे दोन वर्षं. पहिल्या वेळी नंबर लागला नाही की 'रिपीट', म्हणजे आणखी एक वर्ष. ज्या घरातले आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, त्यांनी हे कुठून आणायचं? कॉलेजच्या फीसारखी या खर्चाला सरसकट शिष्यवृत्ती नाही. बँक एमबीबीएससाठी कर्ज देते, पण रिपीटसाठी कोण देतं?

आम्ही शिकलो तेव्हा महाराष्ट्रात प्रवेश बारावीच्या गुणांवर व्हायचा. १९९९ पासून राज्याची सीईटी आली आणि २०१६-१७ पासून नीट. जुनी पद्धत सोवळी नव्हती, बोर्डाच्या परीक्षेतही कॉप्या होत. पण तिच्यात शाळेला किंमत होती. आता ज्युनियर कॉलेज हे हजेरी लावण्याचं ठिकाण उरलं आहे आणि शिक्षण बाजारात गेलं आहे. ज्याच्या गावात तो बाजारच नाही त्याने काय करायचं? मला भेटणारी मुलं सांगतात की फिजिक्सला वर्षभर शिक्षक नव्हता, प्रयोगशाळेला कुलूप होतं. नीट मराठीतही देता येते, हे खरं. पण चांगली पुस्तकं, प्रश्नसंच, व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत. अनुवादात घोळ झाला तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानायचा, असा नियम आहे. आणि आमच्या भागात मराठी हीसुद्धा घरची भाषा नसते. घरी मावची, शाळेत मराठी, परीक्षेत मराठीच्या आडून इंग्रजी. असे तीन उंबरठे ओलांडलेल्या मुलीचे गुण आणि पुण्यातल्या डॉक्टरच्या मुलाचे गुण आपण एकाच तराजूत टाकतो आणि त्याला 'मेरिट' म्हणतो.

आता नंदुरबारचंच बघा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे २०२० मध्ये सुरू झालं, १०० जागांचं. त्याचा मला आनंदच आहे. पण हिशेब करा. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, राहिल्या ८५. त्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के, म्हणजे सहा. केंद्राच्या कोट्यातली एखादी धरा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी, आणि जिल्ह्याच्या कॉलेजात त्यांच्यासाठी जागा सहा-सात. त्यासुद्धा जिल्ह्यातल्या मुलांसाठी राखलेल्या नाहीत, राज्यभरातल्या गुणवत्ता यादीतून भरतात. म्हणजे धडगावच्या आश्रमशाळेतल्या मुलीची स्पर्धा ठाण्यात दोन वर्षं क्लास केलेल्या अधिकाऱ्याच्या मुलाशी. त्या मुलाचा हक्क मी नाकारत नाही. पण दोघांना एकाच रेषेवर उभं करून शर्यत लावणं हा न्याय नाही.

कुणी म्हणेल, पूर्वी ७०-३० चं सूत्र होतं, ते बरं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं तेव्हा मराठवाड्यात आनंद झाला, इतरत्र आरडाओरड झाली. आमचं त्याने काही बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही. कारण त्या सूत्रात खानदेश मुंबई-पुण्याच्याच गटात, 'उर्वरित महाराष्ट्रा'त होता!

सीमेची गोष्ट तर कुणी बोलतच नाही. राज्य कोट्यातून प्रवेश हवा तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास हवी. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आहे हे सगळ्यांना कौतुकाने माहीत असतं. पण कामासाठी उच्छल, सोनगड, व्यारा, सुरत इकडे गेलेल्या आईबापांच्या मागे जाऊन ज्या मुलाने दहावी तिकडे केली, त्याचा महाराष्ट्रातला दरवाजा बंद होतो. सरकारी नोकरांच्या मुलांना या नियमात सवलत आहे. कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि ती असावीच. पोटासाठी सीमा ओलांडणाऱ्या मजुराच्या मुलाला मात्र काही नाही.

मग मेरिटवाले विचारतात, "डॉक्टर, कमी गुणांचा माणूस तुमचं ऑपरेशन करायला चालेल का?" त्यांना माझा उलट प्रश्न आहे. २०२३ मध्ये खुल्या वर्गाचा पात्रता गुण ७२० पैकी १३७ होता. सरकारी कॉलेजच्या खुल्या जागेला त्याच वर्षी साडेपाचशेच्या पुढे लागत होते. मधली चारशे गुणांची दरी कशाने भरते? पैशाने. कित्येक अभिमत विद्यापीठांत फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे, साडेचार वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. तिथे राज्याचं जातीचं आरक्षणही नाही. त्याशिवाय खासगी कॉलेजांत एनआरआय कोटा आहे. या जागांवर यादीत लाखांनी खाली असलेला मुलगा बसतो तेव्हा मेरिटची काळजी कुणाला वाटत नाही. आदिवासी मुलगी चारच पायऱ्या खाली असली की सगळ्यांना आपलं ऑपरेशन आठवतं. आत गेल्यावर दोघांनाही विद्यापीठाच्या परीक्षेत तेवढेच किमान गुण मिळवून पास व्हावं लागतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

महाराष्ट्रात हे काल सुरू झालेलं नाही. वसंतदादांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. आता डोनेशन हा शब्द गेला, फी हा सभ्य शब्द आला. आणि ज्या परीक्षेने सगळं स्वच्छ होणार होतं, त्या परीक्षेचं २०२४ मध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलं: आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी, सुधारित निकालात ते १७ वर, आणि पेपरफुटी सर्वोच्च न्यायालयात.

रुग्ण म्हणून तुमचं यात काय जातं ते सांगतो. सिकलसेलच्या मुलाच्या हाडांत दुखतं तेव्हा आजी ते मावचीतच सांगते. दुखणं कधी सुरू झालं, ताप आधी की नंतर, मांत्रिकाकडे नेलं होतं का, हे भाषा कळल्याशिवाय आणि भीती गेल्याशिवाय बाहेर येत नाही. दुभाष्यामार्फत घेतलेली हिस्टरी अर्धी असते. बाहेरून आलेले तरुण डॉक्टर वाईट नसतात, काही फार चांगले असतात. पण बॉन्डचं एक वर्ष संपलं की ते जातात, आणि १० लाखांचा दंड भरून ते वर्षही टाळण्याची सोय वर्षानुवर्षं होती. एक कोटी खर्चून झालेला डॉक्टर तर इथे येणारच नाही. आला तर ते कोटी तुमच्याच खिशातून वसूल करावे लागतील.

दुसरीकडे यावर उपाय निघालेले आहेत. तामिळनाडूने २०२० पासून सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा राखल्या, नीटच्याच गुणांवर, पण आपापसात स्पर्धा. जपानमध्ये १९७२ पासून जिची वैद्यकीय विद्यापीठ प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतं. नऊ वर्षं आपल्या प्रांतात सेवा केली की फी माफ. आपल्या सेवाग्रामला नीटपूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचाही पेपर असे. देशभर एकच गज लावला आणि तो पेपर गेला.

डॉ. राजेंद्र भारुड यांचं उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. सामोड्याचा भिल्ल मुलगा मुंबईत एमबीबीएस झाला, आयएएस झाला, नंदुरबारचा कलेक्टर झाला. जिद्दीला सलाम. पण त्या गोष्टीतला एक तपशील लोक गाळतात. ते अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, म्हणजे सरकारने चालवलेली, राहण्या-जेवण्यासह मोफत आणि खरोखर शिकवणारी शाळा. जिद्द आमच्या पोरांत आजही आहे, अशा शाळा किती आहेत? पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' काढून गरीब आणि मेळघाटातल्या आदिवासी मुलांना नीट मोफत शिकवायला घेतलं. कॉलेजातली पोरं जे करतात ते एवढ्या मोठ्या आदिवासी विकास विभागाला प्रत्येक तालुक्यात का जमू नये?

माझ्या मागण्या लपवत नाही. आश्रमशाळा आणि जिल्हा परिषद शाळांत शिकलेल्यांसाठी तामिळनाडूसारखा वेगळा हिस्सा. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या सरकारी कॉलेजांत स्थानिक आदिवासी मुलांसाठी सेवेच्या हमीसह जागा. जिल्हा पातळीवरच्या गट क आणि गट ड नोकऱ्यांसाठी आदिवासी जिल्ह्यांचं प्रमाण शासनाने वेगळं ठरवलंच आहे. शिपायाच्या भरतीला जे सुचलं ते डॉक्टरच्या प्रवेशाला का सुचू नये? आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांना दहावीच्या अटीतून सूट.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांची मुलं अकरावीत आहेत त्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच करावा. ते हातात नसल्याने मिळालेली राखीव जागा जाते आणि निकालानंतर धावपळ करून उपयोग होत नाही. वसतिगृह मिळालं नाही तर आदिवासी विभागाच्या स्वयंम योजनेची चौकशी प्रकल्प कार्यालयात करा. 'कमी गुणांत मॅनेजमेंटमधून करून देतो' किंवा 'परदेशात स्वस्तात एमबीबीएस' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. तिकडून आलेल्याला इथे प्रॅक्टिससाठी आणखी एक परीक्षा द्यावी लागते आणि बहुसंख्य मुलं तिच्यात अडकतात. जमीन गहाण टाकण्याआधी कागदं घेऊन माझ्याकडे या. त्याची फी नाही.