नाटक बसवू नका, नाटक शिकवा

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धामधूम सुरू होते आणि त्याच सुमारास आम्हा डॉक्टरांकडे काही ठरावीक तक्रारी घेऊन मुले येऊ लागतात. कोणाचा घसा बसलेला असतो, कोणाच्या चेहऱ्यावर रंगभूषेच्या रंगाने पुरळ उठलेले असते, तर कोणाच्या पोटात नेमके शाळेच्या वेळेलाच दुखते.

काही वर्षांपूर्वी असाच एक नववीतला मुलगा आईबरोबर आला होता. आठवडाभर रोज सकाळी पोटात कळ, रविवारी मात्र स्वारी ठणठणीत! तपासणीत काही सापडले नाही. आईला बाहेर बसवून विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. हा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गाचे नाटक बसत होते, त्यात एक तोतरा नोकर होता आणि ती भूमिका नेमकी याच्या वाट्याला आली होती. "तुला वेगळा अभिनय करायला नको," असे साऱ्या वर्गासमोर सांगण्यात आले आणि वर्ग खो खो हसला. सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसणार. पण पोरगा रात्र रात्र जागत होता आणि त्याच्या पोटातली कळ खरी होती.

अशी उदाहरणे ऐकली की पालक म्हणतात, "नकोच ते नाटक, अभ्यास बरा." माझे मत नेमके उलट आहे. आपल्या माध्यमिक शाळांत नाटक जास्त होत नाही, फार कमी होते. आणि जे होते ते चुकीच्या पद्धतीने होते. आपण नाटक बसवतो, शिकवत नाही.

बसवणे म्हणजे काय? पंधरा-वीस दिवस आधी पाच-सात हुशार, गोऱ्यागोमट्या, खणखणीत आवाजाच्या मुलांची निवड होते. त्यांच्याकडून संवाद घोटून घेतले जातात. जाड्या मुलाला राक्षस, काळ्या मुलीला मोलकरीण, अडखळणाऱ्याला विदूषक. उरलेली चाळीस-पन्नास मुले टाळ्या वाजवायला. आता तर पुष्कळ ठिकाणी तेवढेही राहिलेले नाही. सिनेमाचे गाणे कर्ण्यावर लावायचे आणि मुलांनी नुसते हातपाय हलवायचे. तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

शिकवणे वेगळे. त्यात सारा वर्ग असतो, आठवड्यातून एक तास असतो, आणि श्वास, आवाज, नजर, हालचाल, ऐकणे, समोरच्याला प्रतिसाद देणे यांचे धडे असतात. वर्षाअखेर प्रयोग झाला तर उत्तम, न झाला तरी काही बिघडत नाही. हा तास कलेसाठी तर हवाच. पण आरोग्याच्या सदरात मी त्याची शिफारस करतो आहे, त्याची कारणे सांगतो.

फुटणारा आवाज

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोड्याच स्वरांनी. या काळात मुलाचा आवाज मध्येच फुटतो, किंचाळल्यासारखा होतो. वर्ग हसतो. मग मुलगा वर्गात धडा वाचायचे टाळू लागतो, प्रश्न विचारायचे सोडून देतो. काही मुले जुनाच बारीक आवाज धरून ठेवतात आणि तो वयात आल्यावरही तसाच राहतो. अशा मुलांना वाचातज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने बहुधा चांगला गुण येतो, पण लाजेपोटी पुष्कळ जण तेथवर पोहोचतच नाहीत.

नाटकाच्या तासाला आवाज हा हसण्याचा नव्हे, शिकण्याचा विषय होतो. श्वास पोटातून घ्यायचा, म्हणजे छाती व पोट यांमधला श्वासपटलाचा पडदा वापरायचा. शब्द घशातून ढकलायचे नाहीत. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायचा तो ओरडून नव्हे, तर श्वासाच्या आधाराने व स्पष्ट उच्चारांनी. ही तालीम पुढे शिक्षक, वकील, कंडक्टर, भाजीविक्रेता अशा कोणालाही जन्मभर पुरते. ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गाठी आलेले शिक्षक आम्ही पाहतो. त्यांना हे नववीत कोणी शिकवले असते तर!

भीती पळाल्याने वाढते

रंगमंचावर जायच्या आधी छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात गार होतात, लघवीला घाई होते. हा आजार नाही. संकट आले असे मेंदूला वाटले की अॅड्रिनॅलिन रक्तात सुटते, त्याचा हा परिणाम. तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, बँकेच्या खिडकीपाशी हेच घडते. या भीतीचा एक स्वभाव आहे. माणूस पळाला की त्या क्षणी ती ओसरते, पण पुढल्या खेपेला दुप्पट होऊन येते. माणूस जागेवर थांबला तर थोड्या वेळात ती आपोआप उतरू लागते आणि पुढच्या खेपेला कमी येते. मानसोपचारात हेच तत्त्व वापरतात. रोग्याला पायरीपायरीने भीतीला सामोरे करतात.

नाटकाचा तास नीट घेतला तर या पायऱ्या आपोआप मिळतात. पहिल्या आठवड्यात सारा वर्ग एकदम बोलतो, मग दोघे दोघे, मग पाच जणांसमोर, मग वर्गासमोर. जोडीला सोपा उपाय शिकवावा: चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात. पाच मिनिटांचे काम, पैशाचा खर्च नाही.

बोलताना अडखळणाऱ्या मुलांविषयी येथेच सांगितले पाहिजे. शंभरातल्या सुमारे पाच मुलांना लहानपणी कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेकांचा जातो आणि सुमारे एकाचा टिकतो. तो बुद्धीचा दोष नव्हे आणि संस्कारांचाही नव्हे. गंमत अशी की एकसुरात इतरांबरोबर बोलताना, गाताना आणि कित्येकदा दुसऱ्याची भूमिका करताना हीच मुले न अडखळता बोलतात. त्यामुळे त्रास कायमचा जातो असे मी म्हणणार नाही. त्यासाठी वाचातज्ज्ञच हवा. पण "मलाही सलग बोलता येते" हा अनुभव त्या मुलाला फार मोलाचा असतो. आपण त्याला तोतऱ्याची भूमिका देऊन नेमका तोच अनुभव हिरावून घेतो.

परकायाप्रवेश

पौगंडावस्थेत मुलाला वाटते, सारे जग माझ्याकडेच पाहते आहे. स्वतःच्या पलीकडे पाहायला शिकणे हे या वयाचे मोठे काम आणि अभिनयाइतका त्याचा सोपा सराव दुसरा नाही. एका मुलाने दहावीच्या गुणांवरून रागावणारा बाप व्हायचे, दुसऱ्याने मुलगा. पाच मिनिटांनी भूमिका बदलायच्या. जेकब मोरेनो या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अशा भूमिकाबदलातून मनोनाट्याची उपचारपद्धती उभी केली. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकापासून असे नाटक घडवले की प्रेक्षकच प्रसंग थांबवतो, मंचावर जातो आणि "मी असतो तर असे केले असते" हे करून दाखवतो.

आपल्याकडे याचा उपयोग कोठे होईल? एक उदाहरण देतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही तंबाखूची पुडी शाळेच्या आसपास पोहोचतेच. आम्ही शाळांत जाऊन कर्करोगाची चित्रे दाखवतो, मुले गंभीर होतात, पण संध्याकाळी मित्राने पुडी पुढे केली की "नको" हा शब्द जिभेवर येत नाही. चित्र डोळ्यांना शिकवते, जिभेला नाही. तोच प्रसंग वर्गात पाच वेळा करून पाहिला, चिडवणाऱ्या मित्रांसकट, तर नकार देण्याची सवय लागते. छेडछाड, मोबाइलवरून येणारे घाणेरडे संदेश, मासिक पाळीवरून होणारी चेष्टा, हे सारे असे हाताळता येते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत समानुभूती, परिणामकारक संवाद, भावनांना सामोरे जाणे आणि ताणतणावाला तोंड देणे ही आहेत. ही भाषणाने येत नाहीत, करून येतात.

याची निकड किती आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलामुलींत मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार मुले झाली! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आजार टाळण्यात आणि उपचारांना साथ देण्यात कलांचा हातभार लागतो, असे दिसून आले. हातभार म्हणतो, औषध म्हणत नाही. हा फरक विसरू नये.

"पण दहावीचे काय?"

मुख्याध्यापक हा प्रश्न हमखास विचारतात. आठवड्याचा एक तास गेल्याने कोणाची टक्केवारी घसरत नाही. उलट ज्याला उभे राहून चार वाक्ये नीट बोलता येतात, त्याला लिहितानाही बरे सुचते, असा माझा अनुभव आहे. हे माझे एकट्याचे वेड नव्हे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे असे सुचवले आणि त्यात नाट्यकलाही होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कलेला अभ्यासक्रमाबाहेरची हौस मानू नये असे म्हटले आहे. कागदावर सारे आहे. वेळापत्रकात मात्र कलेच्या तासाला बहुधा गणिताचे सर येतात.

"आमच्याकडे रंगमंच नाही, पैसा नाही," हे दुसरे कारण. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, त्या महाराष्ट्राने हे कारण सांगू नये. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुलांसाठी वेगळी रंगभूमी उभी केली. त्या रंगभूमीचे पहिले नाटक लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनी उतारवयात, २०१४ पासून, ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' चालवून वस्त्यांतल्या मुलांना स्वतःच्या आयुष्यावरची नाटके स्वतः करायला लावली. तेथे मखमली पडदे नव्हते. बाके बाजूला सारली की वर्गाचा रंगमंच होतो.

चार पथ्ये

तास सुरू करणाऱ्या शिक्षकांनी काही पथ्ये मात्र पाळावीत.

पहिले, भूमिका देताना शरीराचे व्यंग, रंग, जात, जाडी पाहू नये. अडखळणे, लंगडणे, बहिरेपणा यांवर विनोद असलेली संहिता सरळ बाजूला ठेवावी.

दुसरे, सक्ती नको. ज्याला बोलायचे नाही त्याला प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, पडदा सांभाळू द्यावा. तोही नाटकातच आहे. मात्र दर काही आठवड्यांनी दार उघडे आहे हे त्याला सांगावे.

तिसरे, घसा जपावा. तालमीत पाणी पिऊ द्यावे, सर्दी-खोकला असलेल्याला त्या दिवशी बोलायला लावू नये. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर काढे करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. खरा शेंदूर तोंडाला फासू नये. त्यात शिसे असते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे. शिक्षक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. मुलाच्या घरातले खरे दुःख वर्गासमोर करून दाखवायला सांगू नये. खेळताखेळता कोणी मारहाणीविषयी, अत्याचाराविषयी किंवा जीव नकोसा झाल्याविषयी बोलून गेले, तर खेळ तेथेच थांबवून मुलाशी एकांतात शांतपणे बोलावे आणि मदत मिळवावी. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावेत.

त्या नववीतल्या मुलाच्या आईने माझ्याकडे आजारपणाचा दाखला मागितला होता. तो मी दिला नाही. दाखला देऊन त्याला पळायलाच शिकवले असते. मी त्याच्या शिक्षकांना चार ओळींची चिठ्ठी लिहिली. ते भले गृहस्थ दुसऱ्याच दिवशी स्वतः भेटायला आले. नोकराचे तोतरेपण त्यांनी संहितेतून काढून टाकले आणि मुलाला विचारले, तुला काय करायला आवडेल? तो म्हणाला, सुरुवातीची नांदी सगळ्यांबरोबर म्हणेन आणि पडदा ओढेन. त्याने दोन्ही केले. पोटदुखी थांबली. तो आजही बोलताना अडखळतो. फरक एवढाच, की आता दवाखान्यात आला तर आपली तक्रार आपण सांगतो, आईकडे पाहत नाही.

मुख्याध्यापकहो, पुढल्या वर्षाचे वेळापत्रक जूनमध्ये आखाल, तेव्हा आठवी-नववीसाठी आठवड्याचा एक तास राखून ठेवा. आणि तो गणिताच्या सरांना देऊ नका.