पन्नाशीनंतरची पहिली धाव

पन्नाशी उलटलेला मनुष्य भल्या पहाटे रस्त्यावरून धावताना दिसला, तर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. थट्टेखोर विचारतात, 'काय हो, कोणी मागे लागले आहे काय?' हितचिंतक म्हणतात, 'आता हाडे सांभाळा!' थट्टा असो वा काळजी, दोहोंच्या मुळाशी समजूत एकच. शरीराची कमाई संपली असून यापुढे उरलेली शिल्लक काटकसरीने वापरावयाची आहे! ही समजूत मध्यमवर्गीय घरांत इतकी मुरली आहे की, निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन आपण मोठ्या प्रेमाने त्या गृहस्थाला आरामखुर्चीत बसवतो. तो पुन्हा उठू नये, याची काळजी पुढे सारे घर घेते.

वस्तुतः ही समजूत आपल्या परंपरेने दिलेली नाही. आषाढी वारीत आळंदीहून निघालेली माउलींची पालखी वेळापूरच्या वाटेवर येते, तेव्हा पंढरी जवळ आल्याच्या आनंदात वारकरी उतारावरून धावत सुटतात. त्याला 'धावा' असेच नाव आहे. रिंगणात पताकाधारी धावतात, विणेकरी धावतात, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया धावतात. त्यांत साठी-सत्तरीतले कित्येक असतात आणि तोवर दोन आठवड्यांची पायपीट त्यांच्या पायांत असते. त्यांना कोणी 'हे वय आहे का?' असे विचारत नाही. मग तोच प्रश्न शहरातील निवृत्त कारकुनाला किंवा शिक्षिकेला का विचारला जावा? उत्तर सरळ आहे. वयाला शोभणे-न शोभणे हा विचार दिंडीतून आलेला नसून दिवाणखान्यातून आलेला आहे.

उतारवयात धावणाऱ्यांचा विषय निघाला की फौजासिंगांचे नाव निघतेच. जालंधरजवळच्या बियास पिंड या खेड्यातील हा शेतकरी. लहानपणी पाय इतके अशक्त की, पाच वर्षांचा होईपर्यंत चालताही येत नव्हते. 1994 साली तरुण मुलगा डोळ्यांदेखत गेला आणि त्या दुःखाने खचलेला हा वृद्ध पुढे इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहत असताना धावू लागला. सरावाच्या पहिल्या दिवशी ते चक्क सूट घालून आले होते, अशी आठवण त्यांचे मार्गदर्शक हरमंदर सिंग सांगत असत. 2000 साली लंडनची मॅरेथॉन त्यांनी 6 तास 54 मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा पारपत्रावरील जन्मतारखेनुसार ते 89 वर्षांचे होते. 2003 साली टोरांटो येथे तेच 42 किलोमीटरचे अंतर त्यांनी 5 तास 40 मिनिटांत कापले आणि 2011 साली, वयाच्या शंभरीत, तेथेच 8 तास 11 मिनिटांत. जन्माचा दाखला नसल्याने गिनीज बुकाने तो विक्रम नोंदवला नाही. 1911 सालच्या पंजाबी खेड्यात जन्मदाखला कोण देणार होते, हा प्रश्न त्या कचेरीला पडला नसावा. 14 जुलै 2025 रोजी आपल्याच गावाजवळ रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला.

ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे, आणि नेमकी तेथेच अडचण आहे. असा मनुष्य दिसला की आपण त्याला तत्काळ चमत्कार ठरवतो, त्याच्यापुढे हात जोडतो आणि मोकळे होतो. एकदा मखरात बसवले की त्याच्याप्रमाणे वागण्याची जबाबदारी उरत नाही! फौजासिंगांच्या कथेत पाहण्याजोगी गोष्ट त्यांचे वय नव्हे, तर त्यांचा वेग आहे. 42 किलोमीटरला आठ तास म्हणजे ताशी जेमतेम सव्वापाच किलोमीटर. बसस्थानकाकडे लगबगीने निघालेला मनुष्य याहून फारसा हळू जात नाही. त्यांचे सामर्थ्य न थांबण्यात होते आणि ही गोष्ट अनुकरण करता येण्याजोगी आहे.

शरीर या वयात नवे काही शिकते काय, या शंकेला उत्तर उपलब्ध आहे. 1990 साली अमेरिकेत बोस्टन येथील वृद्धसेवाकेंद्रातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम आठ आठवडे करून घेण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. स्नायूला जन्मतारीख ठाऊक नसते. त्याला फक्त काम समजते. गुडघ्यांबद्दलची भीतीही तपासली गेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 1984 पासून पन्नाशीपुढील 538 धावपटू आणि 423 न धावणारे यांचा मागोवा घेतला. 19 वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी 34 टक्के दगावले होते, धावणाऱ्यांपैकी 15 टक्के. त्यांतील काहींच्या गुडघ्यांच्या क्ष-किरण तपासण्या वर्षानुवर्षे करण्यात आल्या. धावणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा अधिक झिजल्याचे आढळले नाही. अर्थात, ते धावपटू मुळातच प्रकृतीने बरे होते आणि बहुतेक आधीपासून धावत होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ज्याचा गुडघा आजच दुखतो आहे, त्याला या आकड्यांनी अभय मिळत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. उशिरा सुरुवात करणाऱ्याला घाई फार असते. वीस वर्षे खुर्चीत बसलेला गृहस्थ एक दिवस निर्धार करतो, नवे बूट घेतो आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या तरुणाबरोबर पाच किलोमीटर धावून येतो. दम लागणे महिन्याभरात कमी होते, कारण हृदय आणि फुप्फुसे लवकर जुळवून घेतात. टाचेची शीर, गुडघ्याभोवतीचे बंध आणि हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात 'आता जमते आहे' असे वाटू लागते, आणि दुखापत येते ती नेमकी याच काळात. म्हणून प्रथम काही आठवडे नुसते भरभर चालावे. मग एक मिनिट धावावे, तीन मिनिटे चालावे. हे प्रमाण महिन्या-महिन्याने बदलावे. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. शेजारून येणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, एवढाच वेग. घड्याळातील नाडीचे ठोके पाहून वेग ठरवण्याची पद्धत आता रूढ आहे, पण रक्तदाबावरील काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. अशांना बोलण्याची कसोटीच अधिक विश्वासाची.

सुरुवातीपूर्वी डॉक्टरांची भेट मात्र टाळू नये. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींहून अधिक आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत त्यांपैकी कोणीतरी आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी धावायला जाऊ नये आणि खिशात साखरेची पुडी असू द्यावी. छातीत दडपण आले, जबड्याकडे वा हाताकडे कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 'एवढा खांब गाठून थांबतो' हा पुरुषार्थ नव्हे. तेथेच थांबावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

येथवर 'गृहस्थ' हा शब्द वारंवार आला, तो मुद्दामच. कारण पहाटे मैदानावर दिसतात ते बहुधा गृहस्थच; त्यांच्या गृहिणी कोठे असतात? पटियाळ्याच्या मान कौर यांनी मुलाच्या आग्रहावरून वयाच्या 93 व्या वर्षी धावायला आरंभ केला आणि 2017 साली ऑकलंड येथील जागतिक मास्टर्स स्पर्धेत, वयाच्या 101 व्या वर्षी, शंभर मीटरची शर्यत 74 सेकंदांत जिंकली. 2021 साली त्या निवर्तल्या. त्यांच्या कथेतील माझ्या मते सर्वांत बोलका भाग म्हणजे तो मुलगा. आईला मैदानावर नेणारा मुलगा आपल्याकडे दुर्मीळ आहे. तीर्थयात्रेला नेणारे पुष्कळ. वास्तविक रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात आणि हाडांना टिकून राहण्यासाठी भार लागतो. म्हणजे धावण्याची, निदान भरभर चालण्याची, निकड घरात सर्वाधिक तिलाच. पण पहाटे साडेपाचला ती बाहेर पडली तर पाणी कोण भरणार, डबे कोण करणार, सासूबाईंचा चहा कोण ठेवणार? बूट आणून देणे सोपे आहे. आठवड्यातील तीन सकाळी स्वयंपाकघर स्वतःच्या अंगावर घेणे ही खरी भेट, आणि ती देण्यास किती घरे तयार आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या घरात पाहावे.

बारामतीच्या लता करे यांचे उदाहरणही नेहमी दिले जाते. साठी ओलांडलेली ही माउली नऊवारीत, अनवाणी धावली आणि शर्यत जिंकली. 2020 साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. परंतु आजारी पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून त्या धावल्या होत्या. या कथेवर टाळ्या वाजवताना हात थोडे जड व्हायला हवेत.

2004 साली मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली. पुण्याची तर 1983 पासूनची. 2012 पासून साताऱ्याच्या घाटातही माणसे धावतात. आता गावोगावी रविवारी शर्यती भरतात, शुल्क असते, बनियन आणि पदक मिळते. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. उत्सवाने माणूस घराबाहेर पडतो हे खरे. मात्र पदकासाठी तीन महिने धावून उरलेले नऊ महिने विश्रांती घेणाऱ्यांची जी नवी जात तयार होत आहे, तिच्याकडे पाहून गणेशोत्सवापुरते भाविक होणाऱ्यांची आठवण येते.

रोज धावायचे तर जागा हवी. गावातील मैदाने लग्नांना, प्रदर्शनांना आणि मोटारी उभ्या करण्याला दिली जातात. शाळांची मैदाने सकाळी कुलपात असतात. उरतो तो डांबरी रस्ता, त्यावरील कुत्री आणि भरधाव गाड्या. फौजासिंगांचा अंत कसा झाला, ते वर आलेच आहे. आपल्या संस्थाचालकांपैकी अनेक जण या पानांचे वाचक आहेत. पहाटे पाच ते साडेसहा शाळेचे फाटक उघडे ठेवण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वा शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही; रखवालदाराला दीड तासाचा जादा मेहनताना आणि फाटकापाशी एक दिवा लागतो.