लायसन्स आहे, पण हात बसलाय का?



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा मुद्दा इथे नीट लिहितोय. विषय विमानाचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

9 जून 2016. अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर. तिथल्या हॉबी विमानतळावर सिरस एसआर20 हे एका इंजिनाचं छोटं विमान उतरायला आलं. आत तिघंजण. या विमानतळावर मोठ्या जेट विमानांची सतत वर्दळ असते. मागून एक वेगवान जेट येत होतं, म्हणून कंट्रोल टॉवरने छोट्या विमानाला न उतरता पुन्हा फेरी मारायला सांगितलं. मग रनवे बदलला, सूचनांवर सूचना आल्या. पुढच्या प्रयत्नांत विमान रनवेवर फार उंच आलं, म्हणून उतरणं परत रद्द. तिसऱ्यांदा रद्द करून वर चढताना ते कोसळलं. तिघंही गेले.

तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. त्यांनी दिलेलं मुख्य कारण साधं आहे. पुरेसा वेग यायच्या आधीच फ्लॅप्स वर घेतले गेले.

फ्लॅप्स म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली-वर होणारे भाग. ते खाली असले की विमान कमी वेगातही तरंगतं. उतरणं रद्द करून परत वर जाण्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी पूर्ण ताकद, मग वेग, आणि मगच टप्प्याटप्प्याने फ्लॅप्स वर. क्रम चुकला की पंखांचा आधार सुटतो.

मंडळाने टॉवरलाही सोडलं नाही. ऐन मोक्याच्या क्षणी दिलेल्या गरजेपेक्षा गुंतागुंतीच्या सूचनांनीही या अपघाताला हातभार लावला, असं त्यांनी नोंदवलं.

आता नियम बघा. अमेरिकेत प्रवासी घेऊन उडायचं तर वैमानिकाने मागच्या 90 दिवसांत किमान 3 उड्डाणं आणि 3 लँडिंग केलेली हवीत. शिवाय दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकासोबत एक उजळणी. हे केलं की कागदावर तुम्ही पात्र. पण पात्र असणं वेगळं आणि हात बसलेला असणं वेगळं. सगळं सुरळीत असताना केलेली 3 लँडिंग एवढंच सांगतात की सुरळीत दिवशी तुम्हाला जमतं. बिघडलेल्या दिवशी काय कराल, ते त्यातून कळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की आपले नवे उद्योजक नेमके इथेच अडकतात. उद्यम नोंदणी झाली, जीएसटी नंबर आला, फूड लायसन्स भिंतीवर लागलं. वाटतं, तयारी झाली! अरे, ही फक्त रनवेवर यायची परवानगी आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, फ्लॅप्स लवकर वर घेऊ नका. नोकरीचा पगार, घरच्यांची मदत, जुनं छोटं गिऱ्हाईक हे तुमचे फ्लॅप्स. धंद्याला वेग यायच्या आधी हे सोडू नका. दोन मोठ्या ऑर्डर आल्या म्हणजे वेग आला असं नाही. खर्च भागून दर महिन्याला पैसे उरायला लागले की वेग आला.

दुसरी, ‘जमणार नाही’ म्हणायला शिका. वैमानिकांकडे यासाठी एक शब्द आहे, ‘अनेबल’. टॉवरची सूचना सुरक्षितपणे पाळता येत नसेल तर तो म्हणायचा असतो. मोठा ग्राहक म्हणाला, ‘चार दिवसांत दुप्पट माल द्या, आणि उधारीवर,’ तर तुमच्या तोंडून हा शब्द निघेल का? सवय नसेल तर नाही निघणार.

कोणी म्हणेल, विमान पडलं तर जीव जातो, धंद्यात फक्त पैसे जातात. ज्याचं घर कर्जापोटी गहाण आहे, त्याला हे जरा विचारून बघा.

म्हणून एक काम करा. दर 90 दिवसांनी, पार्टनर किंवा घरच्यांना सोबत घेऊन, एक वाईट दिवस कागदावर मांडा. ऑर्डर रद्द झाली, पेमेंट अडकलं, मशीन बंद पडलं. पहिल्या तासात काय कराल, दुसऱ्या दिवशी काय, आणि कोणत्या आधाराला शेवटपर्यंत हात लावणार नाही, हे क्रमाने लिहा. मग तोंडाने बोलून बघा.

तुम्ही कोणता वाईट दिवस निवडला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.