दुचाकीवरील जादा दिवे : उजेड एकाचा, अंधारी दुसऱ्याची

हिवाळा सुरू झाला की देशातील रात्रीच्या रस्त्यांचे स्वरूप पालटते. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशाच्या सपाट प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत धुक्याचे दाट थर उतरतात. त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात ऊसगाळपाचा हंगाम भरात असतो आणि मागे ना दिवा, ना चमकपट्टी अशा ट्रॉल्या रात्रभर कारखान्यांकडे जात असतात. या काळात दिल्लीच्या करोल बागेत, पुण्याच्या नाना पेठेत किंवा बंगळुरूच्या जे. सी. रोडवर मोटरसायकलच्या जादा एलईडी दिव्यांना गिऱ्हाईक कमी पडत नाही. लेगगार्डवर दोन्ही बाजूंना बसवायचे हे लहानसे दिवे काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात आणि अर्ध्या-पाऊण तासात बसवूनही होतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांतील बहुतेक दिवे बेकायदा ठरतात.

ही मागणी केवळ हौसेपोटी आलेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या वर्षात देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 जणांना प्राण गमवावे लागले. मृतांपैकी सुमारे 44 टक्के, म्हणजे 74,897 जण दुचाकीवरील होते. दिवसाच्या प्रहरांचा विचार केला तर सायंकाळी सहा ते नऊ हा काळ सर्वाधिक अपघातांचा असतो. रस्त्यावर दिवे नसताना समोरचे किती दिसते, हा दुचाकीस्वाराच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न आहे.

साधा हिशेब पाहिला तरी ही गोष्ट स्पष्ट होते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल सेकंदाला सुमारे 17 मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात 25 मीटर अंतर संपते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-बावीस मीटर लागतात. एकूण अंतर पन्नास मीटरच्या आसपास जाते. वर्षानुवर्षे लोकप्रिय असलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर 35 वॉटचा हॅलोजन बल्ब असे आणि डिपरवर त्याचा उपयुक्त उजेड जेमतेम तेवढ्याच टप्प्यापर्यंत पोहोचत असे. वेग ताशी 80 किलोमीटरवर गेला की थांबण्याचे अंतर सत्तर मीटरच्या घरात जाते. म्हणजेच स्वार उजेडाच्या पुढे, अंधारात गाडी हाकत असतो. लाखो जुन्या गाड्या आजही याच दिव्यांवर धावत आहेत.

पूर्वी ही उणीव भरून काढण्याची सोय नव्हती. 55 वॉटचे दोन हॅलोजन दिवे लावायचे म्हटले तर 110 वॉट वीज हवी आणि लहान गाडीला तो भार पेलवत नसे. एलईडीने हे गणित बदलून टाकले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच निळ्या प्रकाशावर पिवळ्या रसायनाचा थर देऊन पांढरा उजेड मिळवला जातो. हॅलोजनच्या तुलनेत तो तेवढ्याच विजेत कितीतरी अधिक उजेड देतो. त्यामुळे वीस-वीस वॉटचे दोन दिवे सव्वातीन अँपिअर विजेवर चालतात आणि मूळ हेडलाइटला मागे टाकतात.

खरी अडचण उजेडाच्या प्रमाणात नसून तो कोठे पडतो यात आहे. वाहनाच्या मूळ हेडलाइटमधील परावर्तक आणि काच डिपरच्या उजेडाला वरच्या बाजूने कापतात. रस्ता उजळतो, परंतु समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला तो उजेड जात नाही. बाजारातील स्वस्त गोल दिव्यांत अशी काही योजना नसते. ते मशालीसारखे चहूकडे उजेड फेकतात. अशा दिव्याने डोळे दिपल्यावर नजर पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. तीन सेकंद धरले तरी 60 च्या वेगाने येणारे समोरचे वाहन पन्नास मीटर अंतर आंधळेपणाने कापते. त्या पन्नास मीटरांत कडेने चालणारा मजूर असतो, मागे दिवा नसलेली सायकल असते, बैलगाडी असते. 2022 च्या मृतांमध्ये 32,825 पादचारी होते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागेल. वयोमानानुसार डोळ्यांची दिपून सावरण्याची शक्ती मंदावते. त्यामुळे हा त्रास वृद्ध चालकांना अधिक होतो.

गंमत अशी की, दिवा बसवणाऱ्यालाही त्याचा पूर्ण लाभ होतोच असे नाही. चाकापुढील दहा-पंधरा मीटरचा रस्ता लख्ख झाला की डोळे त्या प्रखरतेला सरावतात आणि दूरचा अंधार अधिकच गडद भासतो. स्वाराला सुरक्षित वाटू लागते, वेग वाढतो आणि दूरची वस्तू मात्र उशिरा दिसते. धुक्यात तर वरच्या दिशेने जाणारा प्रखर उजेड जलकणांवरून परतून स्वाराच्याच डोळ्यांवर येतो. पिवळा दिवा धुके भेदतो, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. फ्रान्समध्ये 1930 च्या दशकापासून 1993 पर्यंत वाहनांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, त्यामुळेही तिला बळ मिळाले असावे. वस्तुतः धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा पिवळसर उजेड डोळ्यांना कमी बोचतो, एवढाच त्याचा फायदा. धुक्यात उपयोगी पडतो तो खाली बसवलेला, वरून कापलेला, रुंद आणि आडवा पसरणारा झोत. मग त्याचा रंग कोणताही असो.

वायरिंगबाबतही असाच निष्काळजीपणा दिसतो. रिले आणि फ्यूज न घालता हेडलाइटच्या वायरीतूनच जोडणी काढली, तर मूळ स्विचवर न पेलणारा भार येतो, वायर तापते आणि कधी जळते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांनंतर बहुतेक नव्या दुचाकींत इंधनपुरवठाही विजेवर चालणाऱ्या यंत्रणेकडे गेला आहे. अशा गाडीची बॅटरी आडरस्त्यावर उतरली, तर गाडी पूर्वीसारखी धक्का मारून सुरू होईल याची खात्री राहत नाही.

कायद्याची भूमिका वरकरणी स्वच्छ आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अशा दिव्यांविरुद्ध याच कलमाचा आधार घेऊन कारवाईचे निर्देश दिले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 111 वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉटलाइट लावण्यास मनाई करतो. अपवादात्मक स्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने तो लावता येतो.

या साऱ्यांत सर्वांत नेमका नियम आहे तो 106 क्रमांकाचा. त्याचा आशय असा की, दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिवा दिपवणारा नसावा. हा निकष माणसाच्या डोळ्यांचा आहे आणि तोच योग्य आहे. प्रत्यक्षात मात्र रस्त्यावर तो कोणी तपासत नाही. वाहतूक पोलीस दिवा बसवला आहे की नाही एवढेच पाहतात. नीट खाली झुकवलेला, आडवा झोत असलेला दिवा आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारा दिवा या दोहोंना एकच दंड होतो. त्यामुळे चांगला दिवा घेऊन तो काळजीपूर्वक बसवण्याचे कोणतेही कारण स्वारापाशी उरत नाही. उलट, मूळ हेडलाइटच बेताल वर झालेली गाडी निर्धास्त फिरते, कारण तिच्यात कोणताही बदल केलेला नसतो.

विक्रेत्याच्या बाबतीत कायदा आणखी सैल आहे. कलम 182-अ मध्ये विक्रेत्यासाठी सुट्या भागामागे एक लाख रुपयांपर्यंतची कठोर शिक्षा आहे. परंतु ती केंद्र सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरती. परिणामी, दिवा उघडपणे विकला जातो, उघडपणे बसवला जातो आणि पावती फाटते ती केवळ स्वाराची. काही दुचाकी कंपन्या स्वतःच आपल्या गाड्यांसाठी जादा दिवे विकतात, तेव्हा तर कायदेशीर कोणते आणि बेकायदा कोणते, हे सामान्य ग्राहकाला उमगणे कठीणच.

सरकारने 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप सुरू राहणे बंधनकारक केले. दुचाकी इतरांना दिसावी, हा त्यामागील हेतू योग्यच होता. मात्र तो दिवा कोणत्या कोनात जळतो, याच्या तपासणीची व्यवस्था त्यासोबत आली नाही. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. या काळात ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी होते ती केवळ धुराची, पीयूसी केंद्रावर. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलची दरवर्षी तपासणी होते आणि तीत हेडलाइटचा कोनही पाहिला जातो. भारतात पीयूसी केंद्रांचे जाळे आधीच उभे आहे. दिव्याच्या कोनाची प्राथमिक पाहणी करण्यास एक सपाट भिंत, ठरावीक अंतर आणि भिंतीवर आखलेली एक रेघ पुरेशी असते.