ताकाला जाऊन भांडें कां लपवावें ?

आपल्या सुशिक्षित घरांतून चित्रपटांच्या दोन याद्या असतात. एक चारचौघांत सांगावयाची आणि दुसरी दार लावून पाहावयाची. पाहुण्यांनीं विचारलें म्हणजे पहिली बाहेर येते : ‘संत तुकाराम’, ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘कोर्ट’. पाहुणे गेले, रात्रीचीं जेवणें आटोपलीं, म्हणजे दुसरीचा अंमल सुरू होतो. तींत ‘अशी ही बनवाबनवी’ विसाव्या खेपेस लागलेला असतो, आणि त्यांतील वाक्यें पात्रांच्या आधीं घरांतील मुलेंच म्हणून टाकतात. पहिल्या यादींतील किती चित्रपट या घरानें अथपासून इतिपर्यंत पाहिले, हें कोणी विचारीत नाहीं. आणि दुसऱ्या यादींतील चित्रपट आपणांस कां आवडतात, हा प्रश्न तर कोणाच्या मनांतहि येत नाहीं. दोन याद्या ठेवण्याच्या या चालीविरुद्ध आम्हांस आज भांडावयाचें आहे.

हें आम्ही लिहितों तें मलकापुरांतून. या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. आमचें तें कऱ्हाडास लागून, पुणें-बंगळूर महामार्गावर वसलेलें. चोवीस तास नळाचें पाणी देणारें आणि तें मीटरनें मोजून देणारें गांव म्हणून त्याचें नांव झालें. पाणी अहोरात्र मिळत असूनहि आमच्याकडील गृहिणी तें वाहून जाऊं देत नाहींत, कारण त्याला मोजणी आहे. चित्रपटहि आतां अहोरात्र वाहूं लागला आहे. पूर्वी त्यासाठीं कऱ्हाडपर्यंत जावें लागे, रांगेंत उभें राहून तिकीट काढावें लागे. आतां तो खिशांतल्या मोबाईलमध्यें आहे. परंतु त्याला मोजणी नाहीं. काय पाहिलें, कां पाहिलें आणि त्यांतून हातीं काय लागलें, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. कादंबरीवर व नाटकावर तासन् तास वाद घालणारीं आमचीं कुटुंबें चित्रपटाची गोष्ट निघाली कीं ‘सहज करमणूक म्हणून’ या तीन शब्दांवर मोकळीं होतात.

या दुहेरी हिशेबाच्या मुळाशीं चित्रपटांचे गुणदोष असते तर आमची तक्रार नव्हती. त्याच्या मुळाशीं आहे ती केवळ प्रतिष्ठा. पुरावा शोधावयास आम्हांस फार दूर जावें लागत नाहीं. कऱ्हाड हें संत सखूचें गांव. सासुरवासानें गांजलेली, खांबास बांधून घातलेली सखू, आणि ती पंढरीस जावी म्हणून तिच्या जागीं स्वतःस बांधून घेणारा विठ्ठल, ही कथा कृष्णाकाठच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ‘प्रभात’नें १९४१ सालीं ‘संत सखू’ हा चित्रपट काढला. त्यांतील सखूचें काम हंसा वाडकर यांनीं केलें. पुढें १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’मध्यें त्याच तमासगिरीण होऊन आल्या, आणि १९५९ सालीं अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्यें पुन्हां फडावर उभ्या राहिल्या. हा शेवटचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहांत दोन वर्षांहून अधिक काळ चालला. १९७० सालीं हंसाबाईंचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्याचेंहि नांव ‘सांगत्ये ऐका’च. १९७१ सालीं त्या निवर्तल्या. पुढें १९७७ सालीं श्याम बेनेगल यांनीं त्या आत्मचरित्राच्या आधारें ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला, आणि त्यांतील कामाबद्दल स्मिता पाटील यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

आतां आमच्या घरांनीं या चार चित्रपटांची वांटणी कशी केली तें पाहा. ‘संत सखू’ देवाचा, म्हणून आजीच्या शेजारीं बसून पाहावयाचा. ‘रामजोशी’ पेशवाईंतील शाहिराचा, म्हणून तो इतिहासाच्या खात्यांत जमा. ‘सांगत्ये ऐका’ तमाशाचा, म्हणून त्याचीं गाणीं स्वयंपाकघरांत गुणगुणावयाचीं, पण बैठकींत त्याचें नांव काढावयाचें नाहीं. ‘भूमिका’ कलेचा, म्हणून तो चर्चासत्रासाठीं राखून ठेवावयाचा. चारांतून वाहणारें आयुष्य एकाच बाईचें. एकींत ती छळ सोसणारी सून आहे, एकींत तिच्याच फडावरून पाटलाच्या जुलमाची कहाणी भर गांवापुढें मांडली जाते, एकींत तिची स्वतःची फरफट आहे. ‘सांगत्ये’ हें क्रियापदच स्त्रीच्या तोंडचें आहे. तें आम्ही देवळांत ऐकलें, चर्चासत्रांत ऐकलें. फडावरून आलें तेव्हां मात्र ऐकूनहि न ऐकल्यासारखें केलें.

आमची स्वतःची आवड विचाराल तर ती आम्ही उघडच सांगतों. ‘भूमिका’ची बांधणी अधिक नाजूक आहे, हें आम्हांस मान्य आहे. तरी आम्हांस ‘सांगत्ये ऐका’ अधिक प्रिय आहे. ‘भूमिका’ पाहावयास जाणारा प्रेक्षक सहानुभूति घरूनच घेऊन जातो. ‘सांगत्ये ऐका’च्या प्रेक्षकांत लावणी ऐकावयास आलेले होते, शिट्ट्या मारावयास आलेले होते, आणि ज्यांच्या जुलमाची ती कथा होती त्यांचे भाऊबंदहि होते. त्यांना खुर्चीत बसवून त्यांचेंच गाऱ्हाणें त्यांना ऐकविणें हें अधिक अवघड काम आहे, आणि तें ढोलकीच्या तालावर साधलें आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, लोकप्रिय तें सवंग असावयाचेंच. लाखों लोकांच्या पानांत वाढावयाचा पदार्थ पातळच करावा लागतो. या आक्षेपाचें उत्तर १९३६ सालींच देऊन झालें आहे. दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ मुंबईस एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. आज तो पहिल्या यादींत मानानें बसला आहे. पण आरंभीं तो गर्दीचाच चित्रपट होता, याचा आपणांस विसर पडला आहे. आम्हांस तो आवडतो तो विष्णुपंत पागनीस यांच्या प्रशांत मुद्रेइतकाच जिजाईमुळें. नवरा अभंगांत रंगला असतां चूल कशानें पेटवावयाची हें जिला रोज ठरवावें लागतें, जी आजारी पोरासाठीं थेट देवळांत जाऊन विठ्ठलाशीं भांडते, आणि वैकुंठाचें बोलावणें आलें तरी मुलांच्या जेवणाची काळजी जिच्या मनांतून जात नाहीं, ती ही जिजाई. भक्तिपटाच्या गाभाऱ्यांत भक्तीलाच प्रश्न विचारणारी बाई इतक्या मायेनें उभी केली आहे. पदार्थ पातळ असता तर ती त्यांत मावलीच नसती.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनें येतो. ‘आवड ती आवड, तिला कारणें कशाला? आम्ही दिवसभर राबून दोन घटका हंसावयास बसतों, तेथेंहि तुमची परीक्षा कां ?’ हा आक्षेप वरवर निरुपद्रवी दिसतो, पण तोच अधिक घातक आहे. जें आपण कारण न विचारतां आवडून घेतों, तेंच आपल्या मनांत कायमचें घर करतें. उदाहरणासाठीं आमच्याच अत्यंत आवडत्या चित्रपटांपैकीं एक घेतों : व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा ‘पिंजरा’. राम कदम यांचें संगीत, निळू फुले यांची बेरकी नजर, आणि मास्तरांच्या भूमिकेंत श्रीराम लागू यांच्या चेहऱ्याची टप्प्याटप्प्यानें होत जाणारी पडझड. हीं कितीहि वेळां पाहिलीं तरी आमचें समाधान होत नाहीं. पण ही गोष्ट आपल्याला नेमकें काय शिकविते ?

तिचें बीज परदेशांतलें आहे. हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवरून १९३० सालीं ‘द ब्लू एंजल’ हा जर्मन चित्रपट निघाला. त्यांतील प्राध्यापक गाणाऱ्या बाईपायीं सर्वस्व गमावतो, आणि अखेर आपल्या जुन्या वर्गांतील टेबलाला घट्ट धरून प्राण सोडतो. त्याचा पुतळा कोणी उभारीत नाहीं. मराठी चित्रपटानें पुतळ्याची भर घातली. गांव मास्तरांस मेलेले समजतें, त्यांच्या पुतळ्याची पूजा करतें, आणि जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखालीं मुकाट्यानें देहान्त शिक्षा पत्करतात. कां, तर गांवाचा आदर्श भंगूं नये. कल्पना विलक्षण आहे आणि पडद्यावर ती काळीज हलविते. परंतु तीस-पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहिलेल्या आम्हां शिक्षकांस ती मान्य होणें शक्य नाहीं. मुलांना चुकणारा खरा माणूस दाखविण्यापेक्षां न चुकणारा खोटा दगड दाखवावा, असें हें तत्त्वज्ञान आहे. शिवाय जिच्यामुळें मास्तर बुडाले असें गांव म्हणणार, ती चंद्रकला कोणत्या पिंजऱ्यांत जन्मली आणि तिला त्यांत कोणीं कोंडलें, हें विचारण्याची गांवास गरजहि वाटत नाहीं. आम्ही ‘पिंजरा’ पुन्हां पाहूं, आमच्या विद्यार्थ्यांसहि पाहावयास सांगूं. पण त्याच्याशीं भांडत पाहूं. आवडत्या माणसाशीं भांडतां येतें, तर आवडत्या चित्रपटाशीं कां येऊं नये ?

न भांडतां आवडून घेण्याचा परिणाम किती विचित्र होतो तें २०१६ च्या ‘सैराट’नें दाखवून दिलें. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटास मराठींत तोंवर कोणी न पाहिलेली गर्दी लोटली. अजय-अतुल यांचीं गाणीं त्या वर्षीं गणपतीच्या मिरवणुकींत आणि लग्नाच्या वरातींत अखंड वाजलीं. पूर्वार्धांत ज्या संगीतानें सारा आसमंत भरून टाकला, तेंच शेवटच्या प्रसंगीं पूर्णपणें थांबतें, आणि पोराचीं रक्तानें माखलेलीं पावलें तेवढीं उमटत जातात. मुलीनें परजातींतील मुलाशीं संसार थाटला, म्हणून तिच्या रक्ताच्या नात्यांनीं दोघांस मारलें. ही हत्या पाहून आलेल्यांपैकीं किती घरांनीं आपल्या मुलीच्या लग्नाचा विचार करतांना तीं पावलें आठवलीं ? वरातींत गाणें वाजवावयाचें आणि वधूवरसूचक मंडळाच्या अर्जावर जातीचा रकाना पहिल्यानें भरावयाचा, हें एकाच घरांत चालतें. चित्रपटाचा पूर्वार्ध आम्ही घेतला आणि उत्तरार्ध चित्रगृहांतच ठेवून आलों. आवडीचीं कारणें सांगावयाची संवय असती तर अशी अर्धीमुर्धी आवड पदरांत बाळगणें आम्हांस जड गेलें असतें.

कोणी म्हणेल, मग ‘बनवाबनवी’चें काय ? तेथें कोणता जीवनमरणाचा प्रश्न आहे ? तेथें प्रश्न आहे तो बिऱ्हाडाचा. हृषीकेश मुकर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर आधारलेला हा १९८८ चा चित्रपट सचिन पिळगांवकर यांनीं अस्सल पुणेरी करून टाकला. गांवाकडून शहरांत आलेल्या एकट्या तरुणांस खोली मिळत नाहीं, म्हणून दोघांस लुगडीं नेसावीं लागतात. आमच्या भागांतून शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्यास गेलेल्या कोणत्याहि मुलास विचारा. ही अडचण आजहि खोटी नाहीं. आम्ही त्या चित्रपटास हंसतों तें आपल्याच एका ओळखीच्या लाचारीला हंसतों, आणि हंसल्यानें ती थोडी हलकी होते. इतकें सांगितलें कीं त्या चित्रपटाची लाज बाळगण्याचें कारण उरत नाहीं. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांच्या विनोदाची अचूक वेळ ही तर गायकाच्या समेइतकी कष्टसाध्य गोष्ट आहे.

इतकें लिहिण्याचें कारण केवळ चित्रपट नव्हे. आमच्या वर्गांत ‘तुमचा आवडता चित्रपट कोणता ?’ असें विचारलें कीं मुलें आधीं आमच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि मग आम्हांस रुचेल असें नांव सांगतात. ही विद्या तीं घरींच शिकून येतात. वडीलमाणसांनीं पाहुण्यांपुढें पहिली यादी वाचतांना त्यांनीं ऐकलेलें असतें. ज्यास स्वतःची आवड सांगावयास भीति वाटते, तो पुढें स्वतःचें मतहि सांगावयाचा नाहीं. तो पुस्तकाविषयीं दुसऱ्याचें बोलेल, निवडणुकीविषयीं दुसऱ्याचें बोलेल, आणि मुलीच्या लग्नाविषयीं तर चार नातेवाइकांचें बोलेल. उसनी अभिरुचि आणि उसनें मत हीं एकाच दुकानांतून येतात.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. आजपासून घरांत एकच यादी ठेवा. चित्रपट संपला कीं लगेच दुसरा लावूं नका. घरांतल्या लहानथोर प्रत्येकानें त्यांतील एक आवडलेली गोष्ट आणि एक न पटलेली गोष्ट सांगावी, आणि दोहोंचें कारण द्यावें. आजीनें ‘सांगत्ये ऐका’ची बाजू घ्यावी, नातीनें ‘पिंजरा’वर तोंडसुख घ्यावें, आणि तें ऐकतांना वडिलांनीं मध्यें बोलूं नये. जें कारणांच्या कसोटीस उतरेल तें पाहुण्यांपुढेंहि खुशाल सांगावें; जें उतरणार नाहीं, तें दार लावून पाहिल्यानें कांहीं चांगलें होत नाहीं.