ओटी आणि माजघर

जुन्या मराठी घराच्या रचनेत माणसाच्या बोलण्याचाही विचार केलेला दिसतो. अंगणात कोणीही यावे, ओटीवर ओळखीच्या माणसाने बसावे आणि माजघरात घरच्यांनी वावरावे, असा संकेत असे. व्यवहाराच्या गोष्टी ओटीवर होत. घरातील रुसवेफुगवे, आजारपण, कर्ज यांची वाच्यता सहसा माजघराबाहेर जात नसे. या रचनेत दोषही होते. तिने कित्येकांना उंबरठ्याबाहेर ठेवले आणि स्त्रियांना माजघरात कोंडले. तरीही कोणती गोष्ट कोठे बोलावी, याचे भान तिने दिले होते. इंटरनेटच्या प्रसाराबरोबर ओटी आणि माजघर यांमधील भिंत नाहीशी झाली आहे. ती नव्याने उभारण्याचे काम आता ज्याचे त्याला करावे लागणार आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी ती मोठ्या शहरांतील मोजक्या लोकांपुरती होती. पुढे सायबर कॅफे आले आणि २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाल्यावर ही सुविधा खेड्यापाड्यांत पोहोचली. पोटासाठी सुरतेला वा दिल्लीला गेलेल्या माणसाला गावाकडचे बारसे घरबसल्या पाहता येऊ लागले. पापड-लोणची करणाऱ्या गृहिणीला परगावचे गिऱ्हाईक मिळाले. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती, त्यांना पुन्हा शिकण्याची एक वाट सापडली. हे उपकार लहान नाहीत. म्हणूनच या साधनाकडे पाठ फिरवा, असा उपदेश करण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न आहे तो वावराचा. शिवणकाम करणारी बाई, विजेची कामे करणारा कारागीर, रिक्षाचालक, शिकवणी घेणारा तरुण यांच्यापाशी बहुधा एकच मोबाइल क्रमांक असतो. त्याच क्रमांकावर गिऱ्हाइके असतात, नातलग असतात आणि मुलांचे शिक्षकही असतात. सकाळी शिवणकाम करणाऱ्या बाईने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ब्लाउजचे नवे नमुने ठेवले आणि दुपारी जावेशी झालेल्या भांडणावरून एक टोमणाही तेथेच लिहिला, अशी कल्पना करावी. टोमणा जावेसाठी असतो, पण तो सगळेच वाचतात. गिऱ्हाइकांतील एखादी स्त्री पुढच्या खेपेस कापड घेऊन येत नाही आणि ती का आली नाही, हे त्या बाईला कधीच कळत नाही. समोरासमोरच्या बोलण्यात ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून माणूस स्वतःला आवरतो. पडद्यावर लिहिताना ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसतच नाहीत.

ही भिंत दुसऱ्या बाजूनेही पडली आहे. घरातले बोलणे जसे बाजारात जाते, तसा बाजार घरात शिरतो. कामाच्या ठिकाणच्या गटावर रात्री अकरा वाजता सूचना येते आणि ताटावर बसलेला माणूस फोन उचलतो. उत्तर दिले नाही तर आपण कामचुकार ठरू, ही धास्ती त्यामागे असते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. कामाची वेळ संपल्यावर संदेशांपासून अलिप्त राहण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क त्या कायद्याने मान्य केला. आपल्या लोकसभेतही २०१८ साली याच आशयाचे खासगी विधेयक मांडले गेले. परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. कायदा होईल तेव्हा होईल. ज्याला हाताखालच्या माणसांना रात्री संदेश पाठवण्याचा अधिकार आहे, त्याने तो सकाळपर्यंत राखून ठेवण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

पडद्यावरच्या शब्दाला आणखी एक विचित्र गुण आहे. हवे ते टिकत नाही आणि नको ते मिटत नाही. २००४ साली सुरू झालेले ऑर्कुट एके काळी भारतीय तरुणांत अतिशय लोकप्रिय होते. ते २०१४ मध्ये बंद झाले आणि ज्यांनी आपला ठेवा वेळीच उतरवून घेतला नाही, त्यांची कितीतरी छायाचित्रे नि संवाद त्याबरोबर गेले. याउलट, रागाच्या भरात लिहिलेले एक वाक्य पाच मिनिटांत पुसून टाकले, तरी तेवढ्या अवधीत कोणीतरी त्याचे चित्र काढून ठेवलेले असते. नोकरी देणारा, भागीदारी करणारा, सोयरीक जुळवणारा माणूस आज आधी पडद्यावर नाव शोधतो. दहा वर्षांपूर्वीचा अविचार त्याला आजचा स्वभाव वाटू शकतो.

स्वतः लिहिलेल्या शब्दांइतकीच जबाबदारी पुढे ढकललेल्या शब्दांचीही असते. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण आता बोटालाही लागू पडते. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशी अफवा २०१८ साली मोबाइलवरून देशभर पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने याच संशयावरून ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली. अशी अफवा पुढे पाठवणाऱ्यांतील बहुतेकांचा हेतू मुलांच्या काळजीचाच असेल. परंतु हेतू चांगला असल्याने शब्द खरा ठरत नाही. ज्यांनी तो संदेश न पडताळता पुढे पाठवला, त्यांपैकी कोणीही त्या पाच जणांना पाहिलेले नव्हते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, एवढा विचार करायचा तर माणसाने बोलायचेच नाही काय? तसे मुळीच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील एका मतप्रदर्शनावरून अटक झाली होती. एकीने ते लिहिले होते आणि दुसरीने त्याला पसंती दर्शवली होती. त्यांच्यावरील प्रकरण पुढे बंद झाले आणि ज्या कलमाचा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. सार्वजनिक प्रश्नावर मत मांडणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो ओटीवर उभे राहूनच बजवायचा असतो. विवेक म्हणजे भीती नव्हे. भ्यालेला माणस खरे बोलायचे टाळतो. विवेकी माणूस खरे तेच, योग्य जागी आणि आपल्या नावानिशी बोलतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाही संमत झाला. हे कायदे घराला दार देतात. ते लावून घेणे मात्र घरमालकाच्या हाती असते. मुलाच्या शाळेचे नाव, त्याचा गणवेशातील फोटो, कुटुंब गावाला गेल्याची वार्ता हे सारे आपण होऊन चव्हाट्यावर मांडले, तर त्याचा गैरफायदा घेणाऱ्याला कुलूप फोडण्याचेही कष्ट पडत नाहीत.

दिवाळीत व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात आणि मागील वर्षाचा जमाखर्च तपासतात. पडद्यावरच्या वावराचाही असा हिशेब वर्षातून एकदा मांडला पाहिजे. आपले नाव शोधले असता काय दिसते? परक्या माणसाला त्यावरून आपली कोणती ओळख होईल? धंद्याचा क्रमांक वेगळा ठेवता येईल काय, आणि ते शक्य नसेल, तर स्टेटस कोणाला दिसावे याची निवड आपण केली आहे काय? कोणत्या गटांत केवळ संकोचापोटी राहिलो आहोत? मागील वर्षी न वाचता पुढे पाठवलेले किती संदेश खोटे निघाले? या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कोणाला द्यायची नसल्याने ती प्रामाणिकपणे देता येतील. असा हिशेब मांडणाऱ्याला फोन दूर फेकावा लागणार नाही. पाठवण्याची कळ दाबण्यापूर्वी आपण ओटीवर आहोत की माजघरात, एवढे त्याला आठवेल.